तक्षशिला आणि परकी स्वाऱ्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तक्षशिलेचा विषय निघाला की हेच प्रश्न फिरून फिरून येतात. काही अगदी शाळकरी, काही चांगलेच अडचणीचे. उत्तरं एकसारख्या लांबीची नाहीत. जिथे सांगण्यासारखं जास्त आहे तिथे थांबलो आहे, बाकी ठिकाणी पुढे सरकलो आहे.

तक्षशिला नेमकी कुठे आहे?

आजच्या पाकिस्तानात, पंजाब प्रांतात, रावळपिंडी-इस्लामाबादच्या वायव्येला तीसेक किलोमीटरवर. हरो नदीच्या खोऱ्यातली ही जागा जुन्या काळी तीन वाटांच्या तिठ्यावर होती. एक वाट गंगेच्या मैदानातून येणारी, दुसरी काश्मीरहून उतरणारी आणि तिसरी पश्चिमेला सिंधू ओलांडून बल्ख (आजच्या अफगाणिस्तानात) आणि इराणकडे जाणारी. व्यापाऱ्याला जी वाट सोयीची, तीच सैन्यालाही सोयीची. शहराचा पुढचा सगळा इतिहास या एका गोष्टीतून निघतो.

गाव एकच होतं की अनेक?

नाव एक, गावं तीन. सर्वांत जुनं भीर टेकाडावरचं. सिकंदर आला तो इथे, आणि मौर्यांचा कारभार चालला तोही इथूनच. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकात यवनांनी, म्हणजे बल्खकडून आलेल्या ग्रीकांनी, शेजारी सिरकप वसवलं. पुढे कुषाणांनी सिरसुख बांधलं. नवी सत्ता आली की जुन्या शहराच्या उरावर न बसता बाजूला नवं आखायची. पुरातत्त्ववाल्यांना ही पर्वणीच ठरली, कारण एरवी एकाखाली एक गाडली जाणारी शहरं इथे शेजारी शेजारी मांडून ठेवलेली सापडली.

नाव कुठून आलं?

रामायणाच्या उत्तरकांडात भरताचा मुलगा तक्ष याच्या नावाने हे नगर वसल्याची कथा आहे. महाभारतात जनमेजयाचा संबंध येतो, आणि तक्षक नागाशीही नाव जोडलं जातं. 'तक्ष' म्हणजे तासणे, तेव्हा 'तासलेल्या दगडाचं गाव' असाही अर्थ लावतात. ग्रीकांनी त्याचं 'टॅक्सिला' केलं आणि इंग्रजांनी तेच उचललं. पाटीवर आजही तेच आहे.

सिकंदर हाच पहिला परकी विजेता ना?

नाही. त्याच्या दोनशे वर्षं आधी इथे इराणी सत्ता पोचली होती. दार्युश राजाच्या बेहिस्तूनच्या लेखात, म्हणजे इ.स.पू. 520 च्या सुमारास, त्याच्या ताब्यातल्या मुलखांच्या यादीत गांधार आहे. पुढच्या लेखांत 'हिंदुश'ही येतो. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने या भागांचा वसूल नोंदवून ठेवला आहे. 'हिंदी' लोकांकडून वर्षाला 360 टॅलेंट (टॅलेंट हे ग्रीकांचं मोठं वजन) सोन्याची भुकटी, आणि गांधार व त्याच्या शेजारच्यांकडून 170 टॅलेंट.

या राजवटीचे राजवाडे इथे कुणाला दिसले नाहीत. लिपी मात्र राहिली. इराणी कारभाराची लिपी अरामाईक, उजवीकडून डावीकडे लिहायची. तिच्यातून खरोष्ठी घडली आणि पुढची सहा-सातशे वर्षं गांधारातले हिशेब, दानपत्रं, नाण्यांवरची अक्षरं तिच्यात लिहिली गेली. सिरकपला अरामाईकमधला एक फुटका लेख मिळाला, त्यात 'प्रियदर्शी' म्हणजे अशोकाचं बिरुद आहे. इराणी साम्राज्य बुडून साठ-सत्तर वर्षं झाली तरी त्यांच्या लिपीत लिहिणारा कारकून तक्षशिलेत होताच.

आंभीने फितुरी केली का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणाऱ्याचं उत्तर बहुधा आधीच ठरलेलं असतं. आधी घडलं काय ते बघू.

आंभी हा तक्षशिलेचा राजा. त्याचा बाप गादीवर असतानाच सिकंदराकडे निरोप गेले होते. सिकंदर तेव्हा अजून मध्य आशियात होता. तक्षशिलेचं वैर झेलमपलीकडच्या पोरसाशी, आणि डोंगराकडच्या अभिसाराशीही. बाप वारला, आंभी गादीवर आला आणि त्याने तेच धोरण पुढे चालवलं. इ.स.पू. 327 च्या हिवाळ्यात सिकंदर स्वातच्या खोऱ्यातून लढत उतरला. मस्सग नावाच्या गावात किल्ला शरण आल्यावर त्याने भाडोत्री हिंदी सैनिकांची कत्तल केली. दुसरीकडे पुष्कलावतीच्या हस्ती राजाने विरोध केला, तीस दिवस वेढा सोसला आणि मारला गेला. पुष्कलावती काही परकी मुलूख नव्हे, सिंधूच्या अलीकडची तक्षशिला तशी पलीकडची ती.

इ.स.पू. 326 च्या वसंतात सिकंदर सिंधू उतरला. आंभीने पाठवलेला नजराणा एरियन हा ग्रीक इतिहासकार नोंदवतो: 200 टॅलेंट चांदी, कापायला 3,000 बैल, दहा हजारांवर मेंढ्या, तीस हत्ती. मग आंभी स्वतः सामोरा आला, तोही सगळी फौज रांगेत लावून, हत्ती शृंगारून. दुरून ते सरळ लढाईला निघालेलं सैन्य दिसत होतं. सिकंदराला दगाफटक्याची शंका आली, त्याने रणशिंगं फुंकायला लावली, घोडेस्वार दोन्ही बगलांना गेले. आंभीला समोरची धावपळ दिसली. त्याने आपली फौज जागेवर थांबवली आणि मोजक्या माणसांनिशी घोडा पुढे काढला. सिकंदरही पुढे आला. दोघं समोरासमोर उभे, आणि एकाची भाषा दुसऱ्याला येईना! दुभाषा येईपर्यंत नुसते एकमेकांचे चेहरे बघत राहिले असतील. एवढ्या वेळात कुणाचा घोडा बुजला असता तर तक्षशिलेचीही पुष्कलावती झाली असती.

सिकंदराने नजराणा परत केला आणि वर आपल्याकडून एक हजार टॅलेंट दिले. यावर त्याच्या मेलिएगर नावाच्या सरदाराने टोमणा मारला: चला, हजार टॅलेंट किमतीचा एक माणूस तरी हिंदुस्थानात सापडला म्हणायचा. पुढे झेलमच्या लढाईला आंभीने पाच हजार माणसं दिली. लढाईच्या शेवटी पोरसाला शरण ये म्हणून सांगायला सिकंदराने याच आंभीला पाठवलं. हत्तीवर बसलेल्या जखमी पोरसाने आपला जुना वैरी बघितला आणि भाला उगारला. आंभी घोडा दामटून निसटला म्हणून वाचला.

आता माझं मत. फितुरी म्हणजे आपल्या माणसांचा घात. तेव्हा 'आपली माणसं' या शब्दात झेलमपलीकडचे लोक बसत नव्हते, पोरसाच्या लेखीही तक्षशिला परकीच होती. आंभीने शेजाऱ्याची खोड मोडायला बाहेरचा बलाढ्य माणूस वापरला. हा हिशेब चुकला, कारण सिकंदराने पोरसाला राज्य परत दिलं, वर आणखी मुलूख जोडून दिला. राजकारणी म्हणून आंभी फसला हे कबूल. पण त्याचं शहर जळलं नाही, हेही त्याच पानावर लिहायला हवं.

ग्रीकांनी तक्षशिलेत काय पाहिलं?

सिंधू आणि झेलम यांच्या मधलं सर्वांत मोठं, भरभराटीचं शहर, असं एरियन म्हणतो. ॲरिस्टोब्युलस हा सिकंदराबरोबर आलेला. त्याने नोंदवलेल्या चालीरीती वाचताना आपण चपापतो. गरिबीमुळे मुलींचं लग्न करता येत नाही ते बाप उपवर मुलींना बाजारात आणतात, मेलेल्यांना गिधाडांपुढे टाकतात, काही बायका नवऱ्याबरोबर सती जातात. प्रेत गिधाडांना देण्याची चाल इराणी वळणाची दिसते.

सर्वांत गमतीची भेट नागड्या साधूंची. सिकंदराच्या फौजेतला ओनेसिक्रिटस त्यांच्याकडे ज्ञान विचारायला गेला. तापलेल्या दगडांवर कुणी उभा, कुणी बसलेला, कुणी आडवा. बोलणं तीन दुभाष्यांमार्फत. यातून तत्त्वज्ञान पोचवणं म्हणजे गाळातून स्वच्छ पाणी वाहण्याची आशा धरण्यासारखं आहे, असं दंडमिस नावाचा साधू म्हणाल्याचं ओनेसिक्रिटसनेच लिहून ठेवलं आहे. त्यांतला कालानोस सिकंदराबरोबर गेला आणि पुढे इराणात आजारी पडल्यावर सगळ्या फौजेसमोर चितेवर चढला. दंडमिस मात्र जागचा हलला नाही.

चाणक्य तेव्हा तक्षशिलेत होता का?

चाणक्य तक्षशिलेचा, ही आठवण पाली परंपरेत आहे. ती बऱ्याच नंतर लिहिली गेली. ग्रीक लेखकांपैकी कुणीही त्याचं नाव घेत नाही. सिकंदराविरुद्ध त्याने राजांना एकत्र करायची खटपट केली, हे प्रसंग नाटकं आणि टीव्ही मालिकांनी आपल्या डोक्यात बसवले आहेत. चंद्रगुप्ताबद्दल मात्र ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो की त्याने पोरसवदा वयात सिकंदराला पाहिलं होतं.

सिकंदर परत गेल्यावर काय झालं?

सिकंदराने फिलिप नावाचा सुभेदार ठेवला होता. वर्ष-दीड वर्षात त्याच्याच भाडोत्री सैनिकांनी त्याला मारलं. मग आंभी आणि थ्रेसी सैनिकांचा युडेमस नावाचा सेनानी मिळून कारभार बघू लागले. युडेमसने पुढे पोरसाचा खून केला आणि हत्ती घेऊन इराणकडे चालता झाला. तोवर चंद्रगुप्त मौर्य उभा राहिला होता.

मौर्य तर आपलेच, असं आपल्याला वाटतं. तक्षशिलेला तसं वाटलं का? 'दिव्यावदान' या बौद्ध कथासंग्रहात एक प्रसंग आहे. बिंदुसाराच्या काळात तक्षशिलेने बंड केलं म्हणून कुमार अशोकाला पाठवलं. गावकरी वेशीबाहेर येऊन त्याला भेटले आणि म्हणाले, आमचं वैर ना कुमाराशी ना राजाशी, हे दुष्ट अमात्य आमचा अपमान करतात. कथा आहे, इतिहास म्हणून जपूनच घ्यायची. पण पाटलिपुत्राहून आलेला अधिकारीही इथल्यांना उपराच वाटायचा, हे त्या कथेत बरोबर पकडलं आहे. आणि याही खेपेला गाव लढलं नाही, फुलं-कलश घेऊन सामोरं गेलं.

तिथलं विद्यापीठ कुणी जाळलं?

हे नालंदाचं तक्षशिलेला चिकटवलेलं आहे. इथे जाळायला विद्यापीठाची इमारतच नव्हती. आचार्य आपापल्या घरी शिकवायचे. जातककथांत सोळाव्या वर्षी बनारसहून मुलगे निघतात, हजार कार्षापणं, म्हणजे त्या काळची नाणी, गुरूपुढे ठेवतात. ज्यांची ऐपत नाही ते दिवसा गुरूच्या घरचं काम करून रात्री शिकतात.

वैद्य जीवकाची गोष्ट मला फार आवडते. सात वर्षं शिकल्यावर त्याने विचारलं, हे शिक्षण संपणार कधी? गुरूने हातात कुदळ दिली: गावाभोवती योजनभर फीर आणि औषधी नाही अशी वनस्पती घेऊन ये. जीवक फिरफिर फिरून रिकाम्या हाताने परतला. परीक्षा पास!

पाणिनी इथला नव्हे, जवळच्या शलातुरचा. पण 'अष्टाध्यायी'च्या एका सूत्रात तक्षशिलेचं नाव आहे.

यवनांच्या काळात शहर ग्रीक झालं का?

आखणीपुरतं झालं. सिरकपमध्ये उत्तर-दक्षिण सरळसोट मुख्य रस्ता, त्याला काटकोनात फुटलेल्या गल्ल्या, रस्त्याला तोंड करून बसकी दुकानं आणि त्यांच्या मागे घरं. भोवती पाच-सहा किलोमीटरचा तट. जवळच जंडियालला ग्रीकांच्या आयोनिक शैलीतल्या खांबांचं देऊळ.

माणसं कशी मिसळली ते नाण्यात दिसतं. अँटिअल्किडस राजाचं नाणं घ्या. एका बाजूला ग्रीक अक्षरं. उलटून पाहिलं की खरोष्ठीत 'महरजस जयधरस अंतिअलिकिदस'. कुणी भाषांतर करून देण्याची गरज आहे का? 'महाराजाचं' हे आपल्याला आजही कळतं.

याच राजाने हेलिओडोरस नावाचा वकील मध्य भारतात भागभद्र राजाच्या दरबारी पाठवला. दियाचा मुलगा, तक्षशिलेचा राहणारा, अशी आपली ओळख त्याने ब्राह्मीत कोरून घेतली आहे. त्याने तिथे वासुदेवाचा गरुडध्वज उभारला आणि स्वतःला 'भागवत' म्हणवलं. हा खांब विदिशाजवळ बेसनगरला आजही उभा आहे. तिथले लोक त्याला 'खांबबाबा' म्हणतात.

शकांनी काय केलं?

इ.स.पू. पहिल्या शतकात मध्य आशियातून आलेल्या शकांच्या मोग राजाने तक्षशिला घेतली. त्या काळचा एक ताम्रपट मिळाला, तो आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्याची पहिली ओळ म्हणजे त्या काळच्या तक्षशिलेचा अख्खा नकाशाच. संवत्सर 78, 'महाराज महान मोग' याच्या राज्यात, पनेमोस महिन्याचा पाचवा दिवस. राजा शक. पनेमोस हा महिना मॅसेडोनियाच्या पंचांगातला. भाषा प्राकृत, लिपी इराणी वळणाची खरोष्ठी. आणि मजकूर कसला, तर पतिक नावाच्या क्षत्रपपुत्राने (क्षत्रप म्हणजे सुभेदार) शाक्यमुनी बुद्धाचे अवशेष स्थापन केल्याचा.

78 हा आकडा लिहिला आहे तोही बघण्याजोगा: 20, 20, 20, 10, 4, 4. आंबे-नारळ विसांत मोजणाऱ्या आपल्या आजीला ही रीत शिकवावी लागली नसती. तीन विसा आणि वर अठरा.

पार्थियन आणि कुषाण?

थोडक्यात. गोंडोफेर्नीस हा पार्थियन राजा इ.स. पहिल्या शतकाच्या पूर्वार्धातला, संत थॉमसच्या कथेत येणारा 'गुदनफर' तोच. सिरकपमध्ये उकरलेली बरीच घरं आणि सोन्याचे दागिने याच सुमाराचे. दोन डोक्यांच्या गरुडाचा म्हणून ओळखला जाणारा स्तूपही तिथलाच. त्याच्या दर्शनी भागावर ग्रीक त्रिकोणी माथ्याची, आपल्या लेण्यांसारख्या चैत्यकमानीची आणि तोरणाची अशी तिन्ही दारं ओळीने कोरली आहेत. कुषाण आल्यावर वस्ती सिरसुखकडे सरकली आणि आसपासच्या टेकड्यांवर विहारच विहार झाले.

शेवटी हूणांनीच तक्षशिला संपवली ना?

मोठा घाव त्यांच्या काळातलाच. जौलियनच्या विहारात भूर्जपत्राची पोथी कोळसा झालेली सापडली, धर्मराजिका स्तूपाच्या आवारात सांगाडे मिळाले. जौलियनच्या मातीच्या मूर्ती मात्र त्या आगीनेच भाजून पक्क्या झाल्या आणि म्हणून टिकल्या. आग लावणाऱ्याला हे ऐकून काय वाटलं असतं कोण जाणे.

पण 'हूण आले आणि एका दिवसात सगळं संपलं' हे चित्र आता अभ्यासक तसंच्या तसं मानत नाहीत. काही विहार नंतरही चालू होते. इ.स. 630 च्या सुमारास युआन श्वांग (आपल्या पाठ्यपुस्तकातला ह्यूएन त्संग) आला तेव्हा विहार पुष्कळ, पण बहुतेक पडके, भिक्षू थोडे आणि मुलूख काश्मीरच्या ताब्यात. व्यापाराच्या वाटा बदलल्या की दान आटतं, आणि दान आटलं की विहाराला हूण लागत नाहीत.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध?

आहे, आणि तो रोजच्या पंचांगात आहे. शक लोकांच्याच क्षत्रप घराण्यांची सत्ता गुजरात-माळवा आणि पुढे नाशिक-जुन्नरपर्यंत पोचली. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याची दानं कोरलेली आहेत. तिथेच क्रमांक 3 च्या लेण्यात गौतमी बलश्री आपल्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, 'सकयवनपल्हवनिसूदन' म्हणते. शक, यवन, पार्थियन: तक्षशिलेवर राज्य केलेल्यांचीच ही यादी. आणि ज्यांचा नायनाट केला त्यांचंच नाव आपण गुढीपाडव्याला नव्या वर्षाला देतो, शालिवाहन 'शके'.

त्याच डोंगरात, क्रमांक 17 च्या लेण्यात, दुसराच सूर आहे. धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त, उत्तरेकडचा, दत्तामित्रीचा राहणारा 'योणक', म्हणजे यवन. त्याने आईबापांच्या पुण्यासाठी हे लेणं खोदवलं. पायऱ्या चढून दमलात तर तिसऱ्या लेण्यावरून परत फिरू नका, सतरावं बघाच.

जागा शोधून कुणी काढली?

अलेक्झांडर कनिंगहॅमने 1863-64 मध्ये, चिनी यात्रेकरूंची वर्णनं हातात धरून. प्रत्यक्ष उत्खनन जॉन मार्शलने 1913 ते 1934 अशी वीसेक वर्षं केलं. आज काही जण मार्शलच्या पद्धतीला नावं ठेवतात. थरांकडे त्याचं लक्ष कमी होतं, भिंतींकडे जास्त, ही तक्रार खरीच आहे. 1944-45 मध्ये मॉर्टिमर व्हीलरने इथे थर बघून खणायला शिकवलं, आणि त्या प्रशिक्षणातून आपल्याकडच्या पुरातत्त्वज्ञांची एक पिढी तयार झाली. 1924 मध्ये भीर टेकाडात हजारावर चांदीची, ठसे मारलेली हिंदी नाणी एका मडक्यात मिळाली. त्यांत दोन सिकंदराची आणि एक त्याच्या भावाचं, फिलिप ॲरिडियसचं. एवढ्या गाजलेल्या स्वारीचा त्या गावच्या मडक्यात उरलेला वाटा तीन नाण्यांचा.

आज जाऊन बघता येईल का?

1980 पासून हे जागतिक वारसा स्थळ आहे, गावात चांगलं संग्रहालय आहे. भारतीयांसाठी अडसर अर्थातच व्हिसाचा. शीख यात्रेकरू हसन अब्दालच्या पंजासाहिबला जात आले आहेत, ते इथून फार दूर नाही. बाकीच्यांनी मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गांधार शैलीची शिल्पं बघावीत, दिल्लीला राष्ट्रीय संग्रहालयात जावं, आणि सांची-विदिशाला गेलात तर वाकडी वाट करून खांबबाबाला भेटून यावं. लेखाची अक्षरं खांबाच्या खालच्या भागात आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात 'तखसिलाकेन' हा शब्द बोटाने दाखवता येतो.